थंडीतले पक्षी: नोंद कशी घ्यावी आणि इतरांना कशी कळवावी

‘करमळीला आज खूप बदके! लवकर या.’ काही वर्षांपूर्वी डिसेंबरातल्या एका रविवारी गोव्यातल्या करमळीच्या तळ्यावरून हा निरोप मीच आमच्या पक्षीप्रेमींच्या गटात पाठवला होता. दुसऱ्या दिवशी मडगावहून दोघेजण पहाटे निघून आले. तळ्याच्या ज्या काठाला ते उभे राहिले तिथे उगवता सूर्य थेट डोळ्यांत. बदके दूरच्या गवतात, नुसत्या काळ्या ठिपक्यांसारखी. तासभर थांबून ते परत गेले. मला झालेला आनंद खरा होता, पण माझ्या निरोपात किती, कुठे, किती वाजता आणि कुठली बदके यांतले काहीच नव्हते. त्या दिवसापासून मी नोंद लिहायला शिकले.

मी माशेलची. एका पतसंस्थेत रोखपाल होते, त्यामुळे मोजण्याची सवय हाताला होतीच. ती पक्ष्यांकडे वळवायला मात्र वेळ लागला.

साहित्य थोडेच लागते. आठ पट मोठे दाखवणारी दुर्बीण, खिशात मावेल अशी वही, आणि पेन्सिल, कारण दवाने पेनची शाई फुटते. तळ्यावर गटातल्या एकाकडे तिपाईवरची दुर्बीण असली तर उत्तम, नसली तरी अडत नाही. सूर्य पाठीशी ठेवा, म्हणजे सकाळी पूर्वेच्या काठावर उभे राहा. या एका गोष्टीने निम्मी ओळख सोपी होते.

वहीत पक्ष्याचे नाव सर्वांत शेवटी लिहा. आधी तारीख, वेळ, जागा, आणि मग जे दिसले ते. ‘तपकिरी बदक, मान लांब, चोच राखाडी, शेपूट टोकदार’ एवढे लिहून झाल्यावर ‘तलवार बदकाची मादी’. नाव आधी लिहिले की डोळे त्या नावाला साजेल तेच शोधू लागतात. तलवार बदकाचा नर सोपा: डोके चॉकलेटी, मानेवर पांढरी पट्टी. भुवई बदकाच्या नराची पांढरी भुवईही लांबून कळते. अवघड असतात त्या माद्या, आणि थव्यात त्या पुष्कळ असतात.

जिथे ठरत नाही तिथे ठरले नाही असेच लिहा. आपल्या शेतांतून पायाखालून भर्रकन उडणारा पाणलावा दोन-तीन प्रकारचा असू शकतो, आणि उडताना मला तो फार क्वचित ओळखू येतो. मी ‘पाणलावा, जात ठरली नाही’ असे लिहिते. मोरजीच्या किनाऱ्यावर वाळूत धावणाऱ्या लहान आणि मोठ्या सँड प्लोव्हर या पक्ष्यांचेही तसेच. ईबर्डवर, म्हणजे पक्ष्यांच्या नोंदी भरायच्या संकेतस्थळावर, अशा नोंदीसाठी ‘हा किंवा तो’ असे पर्याय दिलेले आहेत, ते निःसंकोच वापरा. फोनमधले मर्लिन ॲप आवाजावरून नाव सुचवते. ते नाव म्हणजे शोधायची दिशा. पक्षी दिसल्याशिवाय किंवा आवाज स्वतःला पटल्याशिवाय ते वहीत उतरवू नका.

आता मोजणी. थव्याला ‘भरपूर’ म्हणू नका. नोटांची गड्डी बांधताना आधी दहा नोटा हाताला कशा लागतात ते कळावे लागते, तसेच इथे. थव्याच्या एका टोकाचे दहा पक्षी एकेक करून मोजा. त्या दहांनी डोळ्यांसमोर किती जागा व्यापली ते लक्षात ठेवा आणि तेवढेच माप पुढे सरकवत न्या. थवा मोठा असेल तर पन्नासाचे माप घ्या. दोनदा मोजा, एकदा डावीकडून आणि एकदा उजवीकडून. दोन्ही आकडे जवळ आले तर तो आकडा धरा. अडई, म्हणजे शीळ घालणारी बदके, गवतात दाटीने बसतात आणि अर्ध्या दिसतच नाहीत. तेव्हा दलदली भोवत्या या शिकारी पक्ष्याची वाट पाहा. गडद तपकिरी अंग, मादी असेल तर फिकट पिवळसर डोके, पंख किंचित वर उचललेले, असा तो तळ्यावर खालून फिरू लागला की सगळे तळे उठते. अडयांची शीळ ऐकू येते आणि गवतातली बदके हवेत येतात. माझी करमळीची बरीचशी चांगली मोजणी अशा मिनिट-दीड मिनिटात झालेली आहे. पक्षी उठवायला आपण स्वतः टाळ्या वाजवायच्या नाहीत. हजारो किलोमीटर उडून आलेल्या पाखराची ताकद आपल्या आकड्यासाठी खर्च करणे मला पटत नाही.

खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या सखल शेतात, आणि नदीकाठी मोजायचे असेल तर पाण्याची वेळ लिहिल्याशिवाय नोंद अपुरी. हे मला दिवाडी बेटाच्या बांधावर कळले. एका रविवारी सकाळी आठला बांधाच्या आतल्या शेतात टिलवे, तुतवार, चिखले मिळून २१० पक्षी मोजले. पुढच्या रविवारी त्याच जागी, त्याच वेळी फक्त ९. मी घाबरले. कोणी बांध फोडला, औषध मारले, कुत्री सोडली, नाना शंका मनात आल्या. मानशीजवळ, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दारापाशी, मासळीसाठी जाळे लावून बसलेल्या म्हाताऱ्याने सरळ विचारले, ‘बाये, आज सुकती न्हय?’ (सुकती म्हणजे ओहोटी) आणि नदीकडे बोट दाखवले. बाहेर चिखल उघडा पडला होता आणि माझे सगळे पक्षी तिथे पांगून चरत होते.

भरती रोज सुमारे ५० मिनिटे उशिरा येते. सात दिवसांत ती साधारण सहा तास सरकते, म्हणजे या रविवारी आठला भरती असेल तर पुढच्या रविवारी आठला सुकती. भरतीला चिखल बुडतो तेव्हा पक्षी खाजनात, बांधावर, मिठागरात गोळा होतात, आणि सुकतीला नदीच्या चिखलावर पसरतात. रविवारचा दिवस आणि आठचा ठोका धरून मोजणारा माणूस एकाआड एक आठवडा ‘पक्षी आले, पक्षी गेले’ असेच लिहीत राहील. म्हणून वेळेशेजारी ‘भरती चढती’, ‘पूर्ण भरती’, ‘सुकती’ असा एक शब्द लिहा. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असते, ते असेल तर तेही. चोडणच्या सलीम अली अभयारण्यात होडीने जायचे असेल तर उलटा विचार करा. कांदळवनातल्या अरुंद पाटांत होडी शिरायला पाणी हवे. पण चिखलावर चरणारे पक्षी पाहायचे तर पाणी उतरू लागलेले असावे.

तळ्याला भरती नाही, पण तिथेही पाण्याची उंची लिहा. कुडचडेचे नंदा तळे २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे जगभरातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, आले, गोव्यातले पहिलेच. ४२ हेक्टरांच्या त्या तळ्याच्या पाण्यावर खालची भातशेती होते. अशा तळ्यातून वायंगणासाठी, म्हणजे हिवाळी भातासाठी, पाणी सोडले की कडेचा चिखल उघडा पडतो, आणि बदकांच्या जागी लांब पायांचे पक्षी दिसू लागतात. पाण्याची नोंद नसेल तर आकडा का बदलला ते पुढच्याला कळत नाही.

आता मी निरोप असा पाठवते:

‘करमळी तळे, पूर्वेचा काठ. रविवार, सकाळी ७.१० ते ८.२५. पाणी भरलेले, मधोमध गवत. अडई अंदाजे ३५०, तलवार बदक ४२ (नर १९), जांभळी पाणकोंबडी ६०हून जास्त, दलदली भोवत्या १ मादी. भुवई बदक शोधले, दिसले नाही.’

शेवटचे वाक्य गाळू नका. काय दिसले नाही हे कळल्यावर दुसरा माणूस नेमके तेच शोधतो. ईबर्डवर यादी भरताना त्या जागेचा ‘हॉटस्पॉट’, म्हणजे सगळ्यांसाठीची नकाशावरची सामाईक खूण, आधीपासून असेल तर तोच निवडा, नवी खूण टोचू नका, नाहीतर एकाच तळ्याच्या नोंदी दहा ठिकाणी विखुरतात. ओळखलेले सगळे पक्षी लिहिले असतील तरच यादी ‘पूर्ण’ म्हणा. कावळा, साळुंकी, घार हेही त्यात आले. चौघे बरोबर गेला असाल तर एकानेच यादी करून बाकीच्यांना जोडा. जानेवारीतल्या आशियाई पाणपक्षी गणनेसाठी, जी १९८७ पासून होते, अशी शिस्त लागलेली माणसे फार उपयोगी पडतात.

सगळेच मात्र सांगायचे नसते. एका हिवाळ्यात डोंगरपायथ्याच्या रानात मला बेडूकतोंड्या या निशाचर पक्ष्याची जोडी दिवसा झोपलेली दिसली, दोन सुक्या पानांसारखी एकमेकांना चिकटून. मी झाडाची खूणही कळवली. पुढच्या रविवारी तिथे सात-आठ कॅमेरे होते आणि कोणीतरी फांदी वाकवून धरली होती. त्यानंतर जोडी तिथे दिसली नाही. ईबर्डवर काही संवेदनशील जातींचे ठिकाण झाकले जाते, व्हॉट्सॲपवरच्या निरोपाला असा पडदा नाही. म्हणून घरटे, घुबड, बेडूकतोंड्या यांचा मी फक्त तालुका सांगते, तोही थंडी सरल्यावर.

दूर जायला जमत नसेल तर घरामागचे माडाचे कुळागर, म्हणजे बागायत, धरा. ऑक्टोबरपासून आमच्या विहिरीपाशी करडा धोबी शेपूट हलवत फिरतो. झुडपातून दगडावर दगड आपटावा तसे ‘टक्, टक्’ येते, तो ब्लिथचा वटवट्या. तारेवर लाल डोळ्यांचा राखी कोतवाल. हे तिघे पहिल्यांदा कधी दिसले आणि शेवटचे कधी, या दोन तारखा दरवर्षी वहीच्या शेवटच्या पानावर लिहा. शेवटची तारीख पकडायला मार्च-एप्रिलमध्ये रोज सकाळी पाच मिनिटे विहिरीपाशी उभे राहावे लागते, कारण पक्षी जाताना सांगून जात नाही.