देवनागरीत नाव शिवताना: बाळाच्या भिंतीसाठी कापडी अक्षरं

कापडी नावाचं काम बिघडतं ते बहुतेक वेळा शिलाईत नाही, आखणीत. लिहिताना शोभणारी नाजूक वळणं आत पॉलिस्टर फायबर भरल्यावर टिकत नाहीत. म्हणून आधी बटर पेपरवर अक्षर जाड काढा: उंची २५ सेंमी, प्रत्येक रेघ ५ सेंमी रुंद, शिरोरेघसुद्धा. चार सेंमीपेक्षा बारीक रेघेत फायबर सरकत नाही आणि अक्षर सुरकुततं.

उदाहरणाला ‘आरव’ घेऊ. शिरोरेघ अखंड ठेवायचा मोह होतो, पण एवढा लांब तुकडा मधोमध झोळ खातो. आ, र आणि व वेगळे शिवा, प्रत्येकाला आपापली शिरोरेघ. काना, मात्रा, वेलांटी मूळ अक्षरालाच जोडून आखा. सुटी लावलेली वेलांटी हमखास लोंबते. नावात भ किंवा ध असेल तर शिरोरेघेतली फट चांगली ३ सेंमी ठेवा, नाहीतर भरल्यावर ती मिटते आणि भार्गवीची मार्गवी होते.

या तीन अक्षरांना ४४ इंच पन्ह्याचं पाऊण मीटर सुती कापड लागतं. पॉपलिन सर्वांत सोयीचं. खण सुंदर दिसतो, पण त्याचे धागे फार सुटतात. कोणतंही कापड आधी धुऊन इस्त्री करा, मग उलट्या बाजूने इस्त्रीने चिकटणारं पातळ पेस्टिंग (कापडाला आधार देणारं अस्तर) लावा. त्याने कडा उसवत नाहीत आणि टीप ओढली जात नाही. भरायला पॉलिस्टर फायबर दीडशे ग्रॅम पुरे. साध्या कापसाच्या गुठळ्या होतात आणि पावसाळ्यात तो ओल धरतो.

उशीसारखं उलटं शिवून सुलटं करण्याच्या भानगडीत पडू नका. ‘अ’ची वळणं आणि ‘व’चं पोट सुलटं करताना शिवण फाटते. त्याऐवजी दोन्ही कापडांच्या सुलट बाजू बाहेर ठेवून एकावर एक ठेवा, वर बटर पेपर टाचा आणि कागदावरूनच रेघेवर टीप मारा. टाका २ मिमीचा, म्हणजे कागद नंतर सहज फाटून निघतो. कागद वरून, सुलट बाजूवरच असल्याने अक्षर आरशातल्यासारखं उलटं होण्याचा धोकाही राहत नाही.

आधी ‘व’च्या पोटातलं छिद्र शिवा, मग बाहेरची कड, उलट क्रमाने गेलात तर मधलं कापड फुगून चुण्या पडतात. छिद्र साडेतीन सेंमीपेक्षा लहान येत असेल तर कापू नका, नुसती टीप राहू द्या. भरल्यावर तिथे खळगा पडतो आणि अक्षर व्यवस्थित वाचता येतं. भरण्यासाठी ५ सेंमीच्या फटी ठेवा: ‘र’ला एक, ‘व’ला दोन, ‘आ’ला तीन, कारण फायबर कोपऱ्यातून वळत नाही. फट नेहमी सरळ रेघेवर, वळणावर कधीच नको.

आता कागद काढा आणि टिपेबाहेर ६ मिमी सोडून झिगझॅग कात्रीने कापा. छिद्राला साधी टोकदार कात्री बरी.

फायबरचे लिंबाएवढे पुंजके पिंजून, विणायच्या जाड सुईने टोकांपासून मधे भरत या. हात हलका ठेवा. ठासून भरलं की रेघ गोल होते, अरुंद होते आणि अख्खं अक्षर वाकतं. फटी त्याच टिपेच्या ओळीत मशीनने बंद करा. तिथे फायबर जरा मागे दाबून टाचण्या लावाव्या लागतात.

मागे शिरोरेघेच्या दोन्ही टोकांना नाडीचे फास हाताने शिवा, फक्त मागच्या थरात. एकाच फासावर अक्षर तिरकं होतं. खिळ्यांच्या खुणा अक्षरं भरून झाल्यावरच करा, कारण भरल्यावर ती थोडी आक्रसतात. दुहेरी चिकटपट्टीचा मोह टाळा, डिस्टेंपरचे पापुद्रे सोबत येतात.

‘र’ आणि ‘व’मध्ये किमान ३ सेंमी अंतर हवं. चिकटले की दारातून ‘आख’ वाचलं जातं! पाळण्याच्या थेट वर नाव लावू नका, बाळ उभं राहून हात पोचवेल अशा उंचीवरही नको. बटणं, मणी, टिकल्या यांची सजावट या कामात नकोच.

धूळ मऊ ब्रशने झटका. धुवायचंच झालं तर गार पाण्यात हाताने दाबून, न पिळता, सावलीत आडवं वाळवा.