शहरांचे गुन्ह्यांचे आकडे पैशाच्या हिशोबाने कसे वाचायचे

एनसीआरबीचा, म्हणजे देशभरातल्या गुन्ह्यांची नोंद ठेवणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेचा, रिपोर्ट आला की ग्रुपवर लगेच सुरू, अमुक शहर डेंजर, तमुक सेफ. तसं ठरवायच्या आधी जरा थांबा.

एकूण केसेस सोडा, दर लाख लोकसंख्येमागचा आकडा घ्या. तोही डोळे झाकून नको, कारण मोठ्या शहरांसाठी अजून २०११ च्या जनगणनेची लोकसंख्या धरतात, म्हणजे जे शहर झपाट्याने वाढलं त्याचा दर उगाच फुगतो.

मग गुन्हा कुठला ते ठरवा. सगळे एकत्र धरले की तुलना गुन्ह्यांची राहतच नाही, नोंदणीची होते. माझ्या भावाचा मोबाईल लोकलमध्ये मारला, चौकीत म्हणाले चोरी कशाला, गहाळ लिहा, लगेच कागद मिळेल, आणि त्याने लिहिलं पण, कारण नवीन सिमसाठी तेवढाच कागद हवा होता. झालं, आकड्यात ती चोरी नाहीच! म्हणून खून आणि गाडीचोरी बघा. बॉडी सहसा लपत नाही आणि चोरीला गेलेल्या गाडीचा इन्शुरन्स एफआयआरशिवाय मिळत नाही.

आता कारण शोधायचं. गॅरी बेकर या अर्थतज्ज्ञाने १९६८ साली मांडलेला हिशोब वापरा: गुन्ह्यात मिळणार किती, सापडायची शक्यता किती, शिक्षा किती, आणि सरळ कामात किती मिळतं. चार रकाने करून शहर त्यात बसवा.

मुंबईच घ्या. समुद्रकिनारा हाताशी, सोन्यावर सरकारी बंधनं, त्यामुळे बाहेरच्या आणि इथल्या भावात मोठा फरक, त्या फरकावर स्मगलिंग पोसलं. सुवर्ण नियंत्रण कायदा १९९० ला रद्द झाला, मग आयात खुली होत गेली, तसा त्यातला मलिदा आटला आणि टोळ्यांचं लक्ष बिल्डरांच्या खंडणीवर जास्त गेलं, कारण आता पैसा जागेत होता.

चौथा रकाना भरताना मात्र सांभाळा. १९८२ च्या कापड गिरण्यांच्या संपानंतर मुंबईच्या गिरणगावात सरळ कमाईच बुडाली, काही पोरं टोळ्यांत गेली हे खरंय. पण संपात अडीच लाखाच्या आसपास कामगार होते, आणि त्यातल्या बहुतेकांनी भाजी विकली, वॉचमनची ड्युटी केली, कोकणात-घाटावर गावी परत गेले. बेकारी वाढली म्हणून सगळ्या वस्तीवर शिक्का मारू नका, त्या पोरांपर्यंत टोळीचा पैसा आधी का पोचला ते शोधा.