पाणी नितळ झालं, पण रंग तुटला का? बुरशी आणि कृत्रिम रंगांवर प्रोजेक्ट करणाऱ्यांसाठी

बुरशीने पाण्यातला कृत्रिम रंग घालवणं: मायक्रोबायोलॉजी किंवा बायोटेक्नॉलॉजीच्या एम.एस्सी.ला हा विषय लोकप्रिय आहे, कारण खर्च बेताचा आणि निकाल डोळ्यांना दिसतो. गोची तिथेच आहे. बुरशीची जाळी रंग तोडते तशी नुसती शोषूनही घेते, आणि दोन्ही वेळा फ्लास्क सारखाच नितळ दिसतो. म्हणून आधी कंट्रोल (तुलनेचे संच) ठरवा, मग बुरशी.

कल्चरसाठी पुण्याबाहेर जावं लागत नाही. पाषाणला एनसीएलमध्ये (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत) एनसीआयएम हा औद्योगिक सूक्ष्मजीवांचा संग्रह आहे, आघारकर संशोधन संस्थेत राष्ट्रीय बुरशी संग्रह आहे. कागदपत्रांना वेळ लागतो, अर्ज लवकर टाका. नवख्यांनी धिंगरी (ऑयस्टर मशरूम) घ्यावी. फॅनेरोकीट क्रिसोस्पोरियम या बुरशीचं नाव शोधनिबंधांत सारखं दिसतं, पण तिला ३७ ते ३९ अंश तापमान आणि नायट्रोजनची टंचाई लागते. भरपूर पोषण असलेल्या माध्यमात ती छान वाढते आणि लिग्निन पेरॉक्सिडेज हे रंग तोडणारं एन्झाइम जवळजवळ देतच नाही. धिंगरीला २५ ते २८ अंश पुरतात. मात्र एप्रिल-मेमध्ये साधा इन्क्युबेटर खोलीपेक्षा थंड होत नाही, थंडही करणाऱ्या बीओडी इन्क्युबेटरमधली जागा आधीच मागून ठेवा.

२५० मिलीच्या फ्लास्कमध्ये १०० मिली पोटॅटो डेक्स्ट्रोज ब्रॉथ, त्यात ताज्या प्लेटच्या कडेचे ८ मिमीचे पाच तुकडे. तिसऱ्या दिवशी ०.५ मिलिमोलर कॉपर सल्फेट घाला, म्हणजे पाच रेणू पाणी असलेलं मीठ १२.५ मिलिग्रॅम. तांब्याने लॅकेज, म्हणजे धिंगरीचं रंग तोडणारं एन्झाइम, वाढतं, पण पहिल्याच दिवशी घातलं तर वाढ खुंटते.

लॅकेज मोजायला एबीटीएस (लॅकेजमुळे निळसर हिरवं होणारं रसायन) वापरा: ०.५ मिलिमोलर, पीएच ४.५ च्या अ‍ॅसिटेट बफरमध्ये, ४२० नॅनोमीटरला. १ मिली मिश्रणात ०.१ मिली एन्झाइम असेल आणि शोषकता मिनिटाला ०.३६ ने वाढली, तर मिलीला ०.१ युनिट. आकडा फार वेगाने पळत असेल तर एन्झाइम पातळ करा. एन्झाइम टिकावं म्हणून सोडियम अझाइड घालू नका, ते लॅकेजच बंद पाडतं.

पहिला रंग म्हणून काँगो रेड नको. तो पेशीभित्तिकेला घट्ट चिकटतो आणि आम्लात निळा पडतो. बुरशी पीएच खाली आणते तेव्हा ४९७ नॅनोमीटरचं वाचन रंग न तुटताच घसरतं. रेमॅझॉल ब्रिलियंट ब्लू आर घ्या, लिटरला ५० मिलिग्रॅम, वाचन ५९२ ला. बाटलीवर रंगाचं प्रमाण पाहा, निम्मा माल मीठच असू शकतो. रिअ‍ॅक्टिव्ह ब्लॅक ५ सारखे अझो रंग (रेणूत नायट्रोजनचा दुहेरी बंध असलेले) नंतर. तिथे नुसत्या लॅकेजचं फारसं चालत नाही, एचबीटीसारखा मध्यस्थ (लॅकेज आणि रंगामध्ये इलेक्ट्रॉनची ने-आण करणारा छोटा रेणू) लागतो.

प्रत्येक संच तिहेरी: जिवंत बुरशी, ऑटोक्लेव्ह केलेली बुरशी, आणि बुरशीविना रंग. उष्णतेने पेशीभित्तिका बदलते, त्यामुळे मेलेली जाळी कधी जिवंतपेक्षा जास्त रंग शोषते. तेव्हा जिवंत जाळीही शेवटी मिथेनॉलने धुऊन त्या धुवणातला रंग मोजा. हा आकडा नसेल तर ९० टक्क्यांच्या दाव्यात फारसा दम नाही. सगळे नमुने सेंट्रिफ्यूज करून एकाच पीएचच्या बफरमध्ये वाचा. एकच तरंगलांबी न घेता २०० ते ८०० चा पूर्ण स्कॅन काढा: रेणू तुटला असेल तर शिखर नुसतं बुटकं होत नाही, आलेखाचा आकारच बदलतो, अतिनील भागात तर हमखास.

मग विषारीपणा. मूग किंवा गव्हाचं बी मूळ रंगात, उपचार केलेल्या पाण्यात आणि साध्या पाण्यात रुजवा, मुळांची लांबी मोजा. अझो रंग क्षपणाने (रिडक्शनने) तुटला तर अ‍ॅरोमॅटिक अमाइन सुटतात, आणि काँगो रेडमधून तर कर्करोगकारक बेंझिडीन. अशा वेळी पाणी नितळ, तरी आधीपेक्षा घातक.

इचलकरंजीसारख्या ठिकाणच्या रंगकामाच्या सांडपाण्यावर प्रयोग करायचा मोह होतो. ते बहुधा अल्कधर्मी आणि खारट असतं, तर लॅकेजला आम्ल हवं आणि क्लोराइड त्याला मारक. आधी पीएच ५ वर आणा, पाणी पाचपट पातळ करा, मग हळूहळू तीव्रता वाढवत न्या.