क्रूझच्या केबिनमधला हेअर ड्रायर मध्येच बंद पडतो?

तो बहुधा बिघडलेला नसतो. जास्त तापल्यामुळे आतला कटऑफ, म्हणजे वीज आपोआप तोडणारा स्विच, लागलेला असतो.

१. ड्रायर बाथरूममध्ये दिसला नाही, तर आरशासमोरच्या टेबलाचा खण उघडा.
२. केस आधी टॉवेलने दाबून टिपा. निम्मं काम इथंच होतं.
३. हवा आत घेणारी मागची जाळी हाताने झाकू नका. तरीही बंद पडलाच, तर प्लग काढून 10 मिनिटं थंड होऊ द्या.

स्वतःचा ड्रायर नेणार असाल तर क्रूझ कंपनीचे नियम आणि व्होल्टेज आधी तपासा. 220 व्होल्टचा ड्रायर 110 वर जेमतेम पाव ताकदीने चालतो. उलट केलं तर जळतो.

बाथरूममधल्या शेव्हरच्या सॉकेटला ड्रायर कधीही लावू नका, ते तेवढा भार पेलत नाही.