टॉवर नसलेल्या विमानतळावर जाताय? मग निम्मे निर्णय घरूनच घेऊन निघा

सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियात नोकरी करता करता प्रायव्हेट पायलटचं लायसन्स काढणारे मराठी लोक आता बरेच भेटतात, आणि त्यातल्या बऱ्याच जणांचं ट्रेनिंग रीड-हिलव्ह्यू नाहीतर पालो अल्टोला होतं, म्हणजे जिथे टॉवर आहे तिथे. तुझा नंबर दुसरा, पुढच्या सेस्ना विमानाच्या मागे ये, आता बेसला (रनवेला काटकोनातल्या टप्प्याला) वळ, सगळं कंट्रोलर सांगतो. मग लायसन्स हातात आलं की पहिल्याच वीकेंडला घरच्यांना घेऊन वॉटसनव्हिल, हाफ मून बे नाहीतर हॉलिस्टर, आणि तिथे टॉवरच नाहीये. एक कॉमन फ्रिक्वेन्सी असते, सगळे त्यावर आपापलं बोलतात आणि आपापलं ठरवतात. हे लिहितोय ते अशा पहिल्या काही ट्रिपा करणाऱ्यांसाठी.

आधी वॉटसनव्हिलचीच गोष्ट, कारण ती माहीत असलीच पाहिजे. १८ ऑगस्ट २०२२, दुपारची वेळ. एक छोटं सेस्ना १५२ सर्किट (रनवेभोवतीची आयताकृती फेरी) मारत होतं आणि दोन इंजिनांचं सेस्ना ३४० लांबून सरळ फायनलवर (रनवेच्या रेषेतल्या शेवटच्या टप्प्यावर) येत होतं. दोघंही रेडिओवर बोलत होते. मागचं विमान फार जोरात येतंय हे १५२ च्या पायलटच्या लक्षात आलं, गो-अराउंड (न उतरता परत वर जाणं) करतोय असं तो बोललासुद्धा, तरी रनवेच्या अलीकडे दोन्ही विमानं हवेत धडकली. तीन माणसं गेली. ३४० चा वेग लँडिंगच्या मानाने खूपच जास्त होता, चौकशीत तेही नोंदलं गेलं. माझ्या डोक्यात यातलं एक पक्कं बसलंय, रेडिओवर सगळं बोलून झालं म्हणजे समोरच्याला आपण दिसलो असं होत नाही.

म्हणून घरूनच सुरुवात करा. मी आदल्या रात्री वहीत चार आकडे लिहितो, ढग किती खाली असले तर जायचं नाही, क्रॉसविंड (आडवा वारा) किती, पेट्रोल किती, आणि किती वाजेपर्यंत परत निघायचं. कायदा दिवसा तीस मिनिटांचं आणि रात्री पंचेचाळीस मिनिटांचं जास्तीचं पेट्रोल मागतो, मी एक तास धरतो, आणि तेही काट्यावर विश्वास न ठेवता पंखावर चढून टँकमध्ये काठी बुडवून बघतो. क्रॉसविंडचा हिशोब तोंडी करता आला पाहिजे. वारा रनवेशी तीस अंशात असेल तर निम्मा, पंचेचाळीस अंशात असेल तर साधारण सत्तर टक्के, साठच्या पुढे गेला तर जवळजवळ सगळाच धरा. तुमचा आकडा दहा नॉट (ताशी सागरी मैल) असेल आणि तिथे बारा निघाला तर जायचं नाही, तिथे उभं राहून पुन्हा चर्चा करायची नाही. आकडा रात्री शांत डोक्याने लिहिलेला असतो, आणि दुसऱ्या दिवशी हँगरपाशी मुलं हेडसेट घालून तयार उभी असतात तेव्हा डोकं तेवढं शांत नसतं.

मागच्या वर्षी आई पुण्याहून आली होती, तिला घेऊन वॉटसनव्हिलला गेलो. जेवण झालं, समुद्र बघून झाला, साडेपाचला परत विमानापाशी आलो. आकाश डोक्यावर निळं स्वच्छ, पण पश्चिमेला समुद्रावर पांढरी पट्टी दिसत होती. तिथलं ऑटोमॅटिक हवामान लावलं तर तापमान चौदा आणि ड्यूपॉइंट (ज्या तापमानाला धुकं धरतं तो आकडा) बारा. दुपारी हाच फरक सहाचा होता. फरक दोनवर आला की समुद्रावरचा ढग आत यायला वेळ लागत नाही, आणि मधे सांताक्रूझचे डोंगर, म्हणजे ढगाखालून जाऊ म्हटलं तर डोंगरच ढगात. वहीत त्या चार आकड्यांखाली मी तीनच्या खाली फरक असेल तर निघायचं नाही असं लिहिलं होतं. आई म्हणाली, "अरे, वर तर किती छान ऊन आहे." तिला ते पान दाखवलं, विमान दोरांनी बांधलं आणि गाडी भाड्याने घेऊन घरी गेलो. सातच्या आत एअरपोर्टचा कॅमेरा फोनवर बघितला तर रनवेचं पलीकडचं टोक दिसत नव्हतं. घरच्यांना हे आधीच सांगून ठेवत जा, की आज परत येताना कदाचित गाडीने यावं लागेल, उद्याची मीटिंग वगैरे त्या हिशोबाने ठेवा. नाहीतर सगळ्यांच्या चेहऱ्याकडे बघून माणूस निघतो.

उन्हाळ्यात साउथ लेक टाहोला जाणार असाल तर अजून एक गणित आहे. ते विमानतळ साधारण ६,२६० फुटांवर आहे. तिथे तापमान तीस अंश असलं की विमानाला ती हवा साडेनऊ हजार फुटांवरच्या हवेसारखी विरळ लागते, सर्वसाधारण तापमानापेक्षा दर जास्तीच्या अंशाला सुमारे १२० फूट मोजायचे. चार माणसं आणि फुल टँक घेऊन सेस्ना १७२ (चार सीटचं) तिथून दुपारी उडवायचं नाही, सकाळी लवकर निघा नाहीतर एक माणूस कमी करा. हे फक्त डोंगराचं नाही हं, बारामतीला विमान उडवायला शिकणाऱ्या मुलांनाही हेच लागू आहे, दोन हजार फुटांवरचं रनवे मे महिन्यात चाळीस अंशाला साडेपाच हजाराचं होतं.

आता प्रत्यक्ष पोचल्यावर. दहा मैल आधीपासून फ्रिक्वेन्सी ऐकायला लागा, कुठला रनवे वापरतायत, किती जण आहेत ते कळतं. बोलताना आधी विमानतळाचं नाव, मग तुमचं विमान कुठलं, कुठे आहात, किती उंचीवर, काय करणार, आणि शेवटी परत विमानतळाचं नाव. नाव दोनदा का, तर एकच फ्रिक्वेन्सी अनेक विमानतळांना असते आणि पन्नास मैलांवरच्या दुसऱ्याच गावाचा डाउनविंड (रनवेला समांतर, उलट दिशेचा टप्पा) तुमच्या कानात पडत असतो. "कोणी असेल तर सांगा" असं सगळ्यांना विचारत बसू नका, सगळे एकदम उत्तर देतात आणि कोणाचंच ऐकू येत नाही. सर्किटच्या उंचीवर, म्हणजे बहुतेक ठिकाणी जमिनीपासून हजार फुटांवर, आधीच येऊन डाउनविंडच्या मध्याला पंचेचाळीस अंशात शिरा. वरून उतरत सर्किटमध्ये घुसलं की खालचं विमान तुमच्या नाकाखाली लपतं. वळणं डावीकडे, नकाशात उजवीकडची लिहिली असतील तरच उजवीकडे.

आणि बाहेर बघा, खरंच बघा. टॉवर नसलेल्या विमानतळांवर बहुतेक ठिकाणी रेडिओ नसलेलं विमानही कायदेशीर असतं. एकदा मी बेसला वळणार होतो, फ्रिक्वेन्सीवर पाच मिनिटं चिटपाखरू नव्हतं, पंख कलवायच्या आधी सवयीने फायनलच्या लाइनवर नजर टाकली तर एक पिवळं पायपर कब, माझ्यापेक्षा खाली, शेताच्या पिवळ्या गवतावर जवळजवळ न दिसणारं, सरळ रनवेकडे चाललेलं. आधी हलली ती त्याची सावली, विमान मग दिसलं. त्या दिवसापासून बेसला वळायच्या आधी फायनल बघतो आणि तोंडाने मोठ्याने म्हणतो, फायनल मोकळी. बरोबर बसलेल्यांनाही कामाला लावा, सर्किटमध्ये गप्पा बंद, फक्त विमान दिसलं तर बोट दाखवायचं, लहान मुलं यात फार तरबेज असतात.

बेसवरून फायनलला वळताना रनवेची लाइन ओलांडली गेली, की हात आपोआप जास्त वळवायला जातो आणि पाय आतल्या बाजूचा रडर (शेपटीच्या सुकाणूचं पेडल) दाबतो. इथेच माणसं जातात. पंचेचाळीस अंशाच्या वळणात उंची धरून ठेवली तर स्टॉल स्पीड (ज्याच्या खाली पंख विमान पेलत नाहीत तो वेग) एकोणीस टक्क्यांनी वाढतो, साठ अंशात एक्केचाळीस टक्क्यांनी, आणि खाली सावरायला पाचशे फूटही नसतात. माझा नियम आहे तीस अंश, त्यात लाइन मिळाली नाही तर गो-अराउंड. तीनशे फुटांवर स्पीड पासष्ट नॉटच्या आसपास नाही, नाक रनवेच्या लाइनवर नाही, तरी गो-अराउंड. रनवेच्या पहिल्या एक तृतीयांशात चाकं टेकली नाहीत, तरी तेच. फुल थ्रॉटल (इंजिनाचा पूर्ण जोर), फ्लॅप (पंखांमागच्या झडपा) वीसवर, नाक चढाईला, स्पीड आला की बाकीचे फ्लॅप हळूहळू, आणि रेडिओ सगळ्यात शेवटी. महिन्यातून एकदा काहीही चुकलं नसताना मुद्दाम करा, म्हणजे खरी वेळ आली की हात अडत नाही.

टेकऑफच्या आधीही रनवेच्या तोंडाशी थांबून मोठ्याने बोला, इंजिन रनवेवर असताना गेलं तर ब्रेक, हजार फुटांच्या आत गेलं तर समोरच, डावी-उजवीकडे तीस अंशांत जे मोकळं शेत दिसेल तिथे, मागे वळायचं नाही. आणि रनवेवर शिरायच्या आधी दोन्ही टोकांच्या फायनलकडे बघा, उलट्या दिशेनेही कोणी येत असू शकतं.

उतरल्यावर विमान थांबायच्या रेषेच्या पूर्ण पलीकडे नेऊन मगच रनवे मोकळा म्हणून सांगा, शेपटी अजून रेषेवर असताना नाही. पंखा पूर्ण थांबेपर्यंत कोणालाही दार उघडू देऊ नका, छोट्या विमानतळावर लोक रॅम्पवर कुठूनही चालत येतात. आणि फ्लाइट प्लान (मार्ग आणि पोचायची वेळ कळवणारा अर्ज) फाइल केला असेल तर तो आपणच बंद करायचा, पोचायच्या वेळेनंतर अर्ध्या तासात बंद झाला नाही तर शोध सुरू होतो, म्हणून मी विमान बांधायच्या आधी तो फोन करतो.