निवृत्त लष्करी जेट पुन्हा उडवण्यापूर्वीची तयारी

निवृत्त झालेले लष्करी जेट विकत घेऊन ते हवाई प्रदर्शनांत उडवण्याचा विचार करणाऱ्या संघाने विमानाला हात लावण्याआधी त्याची लॉगबुके मागवून घ्यावीत, आणि ती अपुरी असतील तर विमान कितीही देखणे असले तरी तो सौदा तिथेच सोडावा. सांगाडा एकूण किती तास उडाला, किती वेळा उतरला, त्याच्यावर कोणते बदल कधी झाले, कोणता भाग कोणत्या क्रमांकाचा आणि कधी बसवला, या नोंदी नसतील तर प्रत्येक भागाचे उरलेले आयुष्य शून्य धरून चालावे लागते आणि मग पुढचा सगळा हिशेब कोलमडतो. गंज काढता येतो, फाटलेला पत्रा बदलता येतो, पण हरवलेली नोंद पुन्हा तयार करता येत नाही.

या तयारीचा सर्वांत शिकण्यासारखा दाखला म्हणजे ब्रिटनचे अॅव्रो व्हल्कन एक्सएच 558. हे बॉम्बर 1960 मध्ये रॉयल एअर फोर्समध्ये दाखल झाले, 1992 पर्यंत प्रदर्शनांत उडाले, 23 मार्च 1993 रोजी लेस्टरशायरमधील ब्रंटिंगथॉर्पच्या धावपट्टीवर उतरले आणि त्यानंतर 18 ऑक्टोबर 2007 रोजीच पुन्हा हवेत झेपावले. मधली चौदा वर्षे ते नुसते उभे नव्हते. विकत घेणाऱ्या कुटुंबाने इंजिने चालू ठेवली, धावपट्टीवर ते पळवले आणि सुट्या भागांचा प्रचंड साठा सांभाळला. म्हणून विमान निवडताना संग्रहालयाच्या दारात वीस वर्षे पावसात उभ्या असलेल्या विमानापेक्षा ज्याची इंजिने अधूनमधून फिरत राहिली ते विमान घ्यावे, मग त्याचा रंग उडालेला का असेना.

कागदांच्या पाठोपाठ परवानगीचा मार्ग तपासावा. ब्रिटनमध्ये अशा विमानाला प्रवासी विमानाचे प्रमाणपत्र मिळत नाही. नागरी विमान वाहतूक प्राधिकरण ‘परमिट टू फ्लाय’ म्हणजे उडण्याची वेगळी परवानगी देते, आणि त्यासाठी विमानाच्या रचनेची जबाबदारी घ्यायला एखादी मान्यताप्राप्त अभियांत्रिकी कंपनी तयार असावी लागते. व्हल्कनसाठी केंब्रिजच्या मार्शल एरोस्पेसने ती घेतली आणि विमाने बनवणारी बीएई सिस्टिम्स व इंजिने बनवणारी रोल्स-रॉइस यांनी साथ दिली. अमेरिकेत असे विमान ‘एक्सपेरिमेंटल’ म्हणजे प्रायोगिक वर्गात प्रदर्शनापुरते नोंदवावे लागते. मूळ उत्पादक किंवा त्याचा वारसदार आपली रेखाचित्रे वापरू देईल का आणि शंका आल्यास उत्तर देईल का, हे पहिल्या महिन्यातच लेखी घ्यावे. विमान अर्धे उघडल्यावर हा प्रश्न विचारणे संघांना फार महागात पडलेले आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता पैशाकडे वळू. व्हल्कनला 2004 मध्ये हेरिटेज लॉटरी फंडाकडून (लॉटरीच्या पैशातून वारसा जपायला मदत करणारा ब्रिटिश निधी) सुमारे 27 लाख पौंडांचे अनुदान मिळाले, काम 2005 मध्ये सुरू झाले आणि 2006 च्या ऑगस्टमध्ये तिजोरी इतकी रिकामी झाली की काम थांबण्याच्या बेतात होते. त्या वेळी ब्रिटिश उद्योजक सर जॅक हेवर्ड यांनी दिलेल्या 5 लाख पौंडांनी ते तरले. पहिल्या उड्डाणापर्यंत खर्च 70 लाख पौंडांच्या आसपास गेला, आणि पुढे दरवर्षी विमान उडते ठेवायला 20 लाखांच्या घरात रक्कम लागत असे. म्हणून अंदाजपत्रक करताना पहिल्या उड्डाणापर्यंतचा खर्च एका पानावर आणि त्यानंतरच्या प्रत्येक हंगामाचा खर्च दुसऱ्या पानावर लिहावा, आणि दुसरे पान कोरे असेल तर कामाला हात घालू नये. लोक उड्डाणासाठी देणग्या देतात. विम्यासाठी, हँगरच्या भाड्यासाठी आणि टायरांसाठी त्यांच्याकडे मागणे जास्त कठीण असते.

सांगाड्याच्या तपासणीसाठी विमान पूर्ण उघडावे. रंग खरवडून पत्रा उघडा करावा, पॅनेल काढावीत, लँडिंग गिअर (चाकांची यंत्रणा) उतरवून वेगळा पाठवावा, आणि प्रत्येक महत्त्वाच्या जोडाची तपासणी डोळ्यांबरोबरच तड्यात शिरणारा रंगीत द्रव, अल्ट्रासोनिक ध्वनिलहरी, एडी करंट (धातूत निर्माण केलेले विजेचे प्रवाह) आणि क्ष-किरण यांनी करावी. कारण ज्या तड्यामुळे पंख निखळतो तो केसाहून बारीक असतो आणि बहुधा रिवेटच्या डोक्याखाली लपलेला असतो. पाणी जिथे साचते ते तळाचे कप्पे, बॅटरीभोवतीची जागा आणि दोन वेगळे धातू जिथे एकमेकांना भिडतात ते सांधे आधी पाहावेत. धातूचा शीण, म्हणजे वारंवार ताण पडून त्याला येणारा कमकुवतपणा, मोजण्याची पद्धत प्रत्येक विमानाची वेगळी असते. व्हल्कनच्या बाबतीत पंखांच्या शिणाची मोजणी मर्यादेजवळ आल्यावर 2013-14 च्या हिवाळ्यात पंखांच्या सांगाड्याला मजबुती देणारा बदल करावा लागला, तेव्हा कुठे आणखी दोन हंगाम मिळाले. आपल्या विमानासाठी असा बदल कधी तयार झाला होता का आणि त्याची रेखाचित्रे कुठे आहेत, हे तपासणीच्या वेळीच शोधून ठेवावे.

रबराचा विषय छोटा वाटतो, पण सर्वाधिक वेळ तोच खातो. हायड्रॉलिक नळ्या, सील, इंधनाच्या लवचिक टाक्या आणि कॅनोपीची (कॉकपिटवरच्या पारदर्शक झाकणाची) हवाबंद किनार ही सगळी मंडळी न वापरताच म्हातारी होतात. नळी बाहेरून चांगली दिसते आणि दाब दिल्यावर पहिल्याच दिवशी घाम सुटल्यासारखी पाझरू लागते. म्हणून जुन्यातली चांगली कोणती हे निवडत बसू नये. सरसकट सर्व बदलावीत आणि नव्या प्रत्येक सीलच्या पाकिटावरची उत्पादनाची तारीख नोंदवावी. वायरिंगलाही हाच नियम लावावा, कारण जुने आवरण वाकवताच तडकते. कॉकपिटमधली पन्नासच्या दशकातली उपकरणे उघडण्याआधी त्यांच्या तबकड्यांवर रेडियमचा चमकणारा रंग आहे का हे किरणोत्सार मोजून पाहावे, आणि उष्णतारोधक पट्ट्यांत अॅस्बेस्टॉस असेल असे धरूनच मुखवटे घालून काम करावे.

इंजिनाबद्दल थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण जेटचे आयुष्य अखेर इंजिनांवर ठरते. व्हल्कनच्या संघाकडे ऑलिंपस 202 जातीची, कधीही न वापरलेली, हवाबंद आवरणात जपलेली आठ इंजिने होती; चार विमानात आणि चार राखीव. जगात तशी आणखी मिळण्याची शक्यता नव्हती. म्हणून प्रत्येक वेळी इंजिन सुरू करणे, पूर्ण जोर देणे आणि बंद करणे यांची मोजदाद ठेवली जाई, आणि वैमानिक शक्य तिथे जोर कमी वापरत. आपणही इंजिनाचे तास आणि जोराची आवर्तने असे दोन वेगळे हिशेब ठेवावेत, कारण प्रदर्शनात इंजिन कमी तास चालते पण वारंवार वरखाली होते आणि टर्बाइनच्या पात्यांची झीज त्या वरखाली होण्याने होते.

28 मे 2012 रोजी डॉनकास्टरहून उड्डाण घेताना व्हल्कनची डावीकडची दोन इंजिने काही क्षणांत निकामी झाली. चौकशीत कारण निघाले ते ओलावा शोषण्यासाठी इनटेकमध्ये (इंजिनात हवा जाण्याच्या तोंडात) ठेवलेल्या सिलिका जेलच्या पिशव्या. त्या काढायच्या राहून गेल्या होत्या, एका इंजिनाने त्या ओढून घेतल्या आणि त्या इंजिनाच्या चुऱ्याने शेजारचे इंजिनही गेले. आठांपैकी दोन इंजिने अशी पिशव्यांच्या विसराने कायमची संपली. ही घटना मला प्रत्येक वेळी अस्वस्थ करते, कारण त्या संघाइतके जपून काम करणारे लोक क्वचितच असतील. यावर उपाय साधा आहे: विमानात आत जाणारी प्रत्येक वस्तू, मग ते हत्यार असो, झाकण असो, चिंधी असो की पिशवी, तिला क्रमांक द्यावा, आत जाताना एकाने आणि बाहेर येताना दुसऱ्याने सही करावी, आणि संख्या जुळल्याशिवाय इंजिनाला वीज जोडू नये.

इजेक्शन सीट, म्हणजे संकटात वैमानिकाला विमानाबाहेर फेकणारी खुर्ची, ही दारूगोळा भरलेली वस्तू आहे. तिच्या काडतुसांना आणि रॉकेटांना छापील मुदत असते, आणि ती संपली की सीट शोभेची राहते. नवी काडतुसे मिळतील का, ती साठवायला आणि बसवायला परवाना कोणाकडे आहे, आणि कॅनोपी फेकून देणारी यंत्रणा सीटच्या बरोबरीने तपासली गेली का, हे तीन प्रश्न सोडवल्याशिवाय परमिटसाठी अर्ज करू नये. 14 नोव्हेंबर 2009 रोजी दक्षिण आफ्रिकेतील ओव्हरबर्ग येथील प्रदर्शनात एका इंग्लिश इलेक्ट्रिक लाइटनिंग विमानात बिघाड झाला, तेव्हा बाहेर पडण्याची यंत्रणा ऐनवेळी चालली नाही आणि वैमानिकाचा मृत्यू झाला. व्हल्कनमध्ये तर इजेक्शन सीट फक्त दोन वैमानिकांना होती. मागे बसणाऱ्यांना खालच्या दरवाजातून उडी मारावी लागे. आपल्या विमानात कोणाला वाचण्याची किती संधी आहे, हे विमानात बसणाऱ्या प्रत्येकाला आधी सांगून त्याची लेखी संमती घ्यावी.

टायर, ब्रेक, प्राणवायूच्या टाक्या आणि ब्रेक पॅराशूट यांची यादी उत्पादकाच्या पुस्तिकेत असतेच. तिथे लिहिलेल्या मुदती पाळाव्यात, एवढेच इथे पुरे. जमिनीवरची साधने मात्र लोक विसरतात. व्हल्कनला 200 व्होल्ट, 400 हर्ट्झची वीज लागते, नॅट या छोट्या जेटला बाहेरून दाबाची हवा लागते, तर हंटर या लढाऊ जेटच्या नंतरच्या आवृत्त्यांचे एव्हॉन इंजिन सुरू करायला अॅव्हपिन नावाचे द्रवरूप इंधन लागते, जे पेटायला बाहेरचा ऑक्सिजनही लागत नाही. ते कुठे साठवायचे आणि कोण हाताळणार, हे अग्निशमन दलाशी बोलून ठरवावे. प्रदर्शनाच्या गावी ही सगळी साधने ट्रकने पोहोचवावी लागतात, म्हणून त्या ट्रकचे भाडेही वर सांगितलेल्या दुसऱ्या पानावर लिहावे.

आता माणसे. सेवेत असताना त्या विमानावर काम केलेले तंत्रज्ञ सापडतील तितके शोधावेत, त्यांच्याकडून काम करून घ्यावे आणि शेजारी एक तरुण उभा करून ते लिहूनही घ्यावे, कारण कोणता बोल्ट किती कसावा हे पुस्तकात असते, पण तो कसताना हात कुठून घालावा हे नसते. स्वीडनच्या हवाई दलाचे व्हिगेन हे लढाऊ विमान 2005 ते 2007 च्या दरम्यान सेवेतून गेले आणि 2012 मध्ये स्वयंसेवी संघाने एक व्हिगेन पुन्हा उडवले, ते या मधल्या काळात जाणकार हात विखुरले नव्हते म्हणून, असे मला वाटते. मिग-21 भारतीय हवाई दलातून 26 सप्टेंबर 2025 रोजी निवृत्त झाले. नाशिकजवळच्या ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात ती विमाने बांधणारे कामगार आज निवृत्तीच्या वयात आहेत. ते विमान कधी प्रदर्शनात उडो वा न उडो, त्यांच्याकडचे हे ज्ञान टिपून ठेवण्याचे काम आजच सुरू व्हायला हवे.

वैमानिकांच्या बाबतीत भावनेने निर्णय घेऊ नये. व्हल्कनचे प्रमुख वैमानिक मार्टिन विदर्स होते, ज्यांनी 1982 मध्ये फॉकलंडच्या युद्धात पोर्ट स्टॅन्लीच्या धावपट्टीवरचा पहिला हल्ला त्याच जातीच्या विमानातून केला होता. तरीही नव्या संघात त्यांनाही चालू सराव दाखवावाच लागे. जुना अनुभव असलेल्या पण वर्षभर त्या जातीच्या विमानात न बसलेल्या वैमानिकाला थेट प्रेक्षकांसमोर आणू नये. 22 ऑगस्ट 2015 रोजी इंग्लंडमधील शोरहॅम येथील प्रदर्शनात एक हंटर लूप (हवेतले उभे वर्तुळ) घेताना रस्त्यावर कोसळले आणि रस्त्यावरची 11 माणसे मेली. तपासात निघाले की विमान लूपच्या शिखरावर ठरलेल्या उंचीपेक्षा खूपच खाली होते. त्यानंतर ब्रिटनमध्ये जुन्या जेटांनी भूभागावर हवेत करायच्या कसरतींवर निर्बंध आले. म्हणून प्रत्येक कसरतीसाठी प्रवेशाचा किमान वेग आणि शिखराची किमान उंची आकड्यांत लिहून कॉकपिटमध्ये लावावी, ती गाठली नाही तर कसरत सोडून सरळ बाहेर कसे पडायचे याचा सराव उंच हवेत करून घ्यावा, आणि रहदारीचा रस्ता ज्या मैदानाच्या कडेने जातो तिथले निमंत्रण फक्त सरळ उड्डाणासाठी स्वीकारावे. लोकांना गोलांट्या पाहायच्या असतात हे खरे. पण व्हल्कन नुसते संथ वळण घेऊन जोर वाढवत वर चढले तरी माणसे रडत, हे ज्यांनी पाहिले त्यांना वेगळे सांगावे लागणार नाही.

पहिल्या उड्डाणाआधी जमिनीवर इंजिने अनेकदा चालवावीत, मग हळू टॅक्सी (जमिनीवर चालवणे), मग वेगाने पळवणे आणि प्रत्येक टप्प्यानंतर गळती शोधणे, हा क्रम मोडू नये. रंग सर्वांत शेवटी द्यावा. प्रायोजकांना लवकर छायाचित्र हवे असते म्हणून आधी रंगवलेले विमान पुन्हा उघडावे लागते, तेव्हा रंग आणि वेळ दोन्ही वाया जातात.

आणि थांबण्याची तयारीही याच यादीत असावी. व्हल्कन 28 ऑक्टोबर 2015 रोजी शेवटचे उडाले, तेव्हा ते उडण्याच्या स्थितीत होते. मागे उभ्या असलेल्या तांत्रिक कंपन्यांनी त्या हंगामानंतर पाठिंबा थांबवायचा ठरवला होता, आणि त्यांच्याशिवाय परमिट टिकत नाही. पहिल्या उड्डाणाच्या आधीच संघाने लिहून ठेवावे की किती तास, किती आवर्तने किंवा कोणाचा पाठिंबा गेल्यावर विमान खाली उतरवायचे, शेवटचे उड्डाण कोणत्या धावपट्टीवर संपेल, आणि तिथे त्याला छप्पर कोण देईल. त्या दिवशी इंधन काढावे, सीटमधली काडतुसे उतरवून परवानाधारकाच्या ताब्यात द्यावीत, बॅटऱ्या काढाव्यात, इनटेकवर झाकणे लावावीत, इंजिनांत सिलिका जेलच्या पिशव्या ठेवाव्यात आणि किती पिशव्या ठेवल्या तो आकडा लॉगबुकात लिहून दोघांनी त्याखाली सही करावी.