परड्यातल्या सावलीची तयारी, मृगाच्या आत

रोपं नंतर आणा, आधी सावली मोजा. आपल्या बेळगाव-खानापूर भागात मे ते जुलै सूर्य भरदुपारी डोक्यावरून थोडा उत्तरेकडे सरकतो. डिसेंबरात १० फुटी भिंतीच्या उत्तरेला दुपारी ८ फुटांपर्यंत पडणारी सावली मे महिन्यात जवळजवळ नाहीशी होते. थंडीत जागा बघून लावलेले नेचे उन्हाळ्यात करपतात ते यामुळेच. तेव्हा सकाळी, बाराला आणि चारला सावलीच्या कडेवर चुन्याची रेघ ओढून ठेवा.

आंब्याखालची सावली बारमाही, पण कोरडी. पावसाची हलकी सर वर पानांतच अडते आणि जे खाली पोचतं ते मुळं ओढून घेतात. तिथं कुदळ खोल घालायची नाही. बोटाएवढं मूळ लागलं की दुसरी जागा शोधा, दोन मुळांच्या मधे हातभर खड्डा मिळाला तरी पुरे. त्यात नीट कुजलेलं शेणखत घाला, पण आंब्याच्या खोडाला माती चढवू नका. इथं अडुळसा आणि स्नेक प्लांट तग धरतात. अबोली कडेला, सकाळचं ऊन लागेल तिथं. गजऱ्यापुरती फुलं हवीत ना!

घराच्या पागोळ्यांखाली, न्हाणीमागं सावली ओली असते. अळू, सोनटक्का, हळद तिथंच. धारेनं माती उडू नये म्हणून फुटक्या कौलांचे तुकडे पसरा. साबणाचं पाणी मात्र वेगळ्या चरातून काढा. थंडीत हळदीची पानं वाळतात, म्हणून कंदाशेजारी काठी रोवून ठेवा. नाहीतर कुणीतरी रिकामी जागा समजून खणणार.

निपाणी-चिकोडीकडच्या काळ्या मातीत वाफा वीतभर उंच करा, पाणी साचलं की कंद कुजतात. जांबोटीकडं पाऊसच एवढा, की तांबड्या मातीतलं खत वाहून जातं. तिथं ते एकदम न घालता थोडं मृगात, थोडं गणपतीनंतर घाला. आच्छादनाला एकीकडं उसाचं पाचट, दुसरीकडं भाताचं तूस आहेच. फक्त ते रोपाच्या बुंध्याला चिकटू देऊ नका.

पहिल्या वर्षी दिवाळीनंतर पाणी घालावं लागतं. पाइप परड्याच्या टोकापर्यंत पोचतो का, हे आत्ताच बघा. आणि कर्दळ शेजाऱ्यांनी फुकट दिली तरी सावलीत लावू नका, फुलायला तिला ऊन लागतं.